आठवणीचं बेणं

माझे वडील मी लहान असताना गेले. ते सैन्यात होते, त्यामुळे होते तेव्हाही घरी फारसे नसायचे. सुट्टीवर यायचे तेव्हा घर पाहुण्यांनी भरायचं आणि त्या गर्दीत माझ्या वाट्याला ते अगदी थोडे यायचे. म्हणून आम्ही दोघंच आहोत, तिसरं कुणी नाही, अशी त्यांची एकच आठवण माझ्याकडे होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती, आईलासुद्धा नाही. लहानपणी मला वाटायचं, सांगितली की तिच्यातही माणसं शिरतील.

ती अशी होती. त्यांची शेवटची सुट्टी संपत आली होती. मला सायकलच्या दांडीवर बसवून ते रानात घेऊन गेले. आम्ही उसाच्या कडेला बांधावर बसलो. त्यांनी एक ऊस मोडला, विळ्यानं सोलला, त्याचे लहान लहान तुकडे केले आणि एकेक माझ्या हातावर ठेवत राहिले. ते बोलत नव्हते आणि मीही बोलत नव्हते. आम्हा दोघांनाही बोलायला जमायचं नाही, हे मला तेव्हाच कळलं असावं. एक तुकडा चावताना माझा हलणारा दात त्यातच रुतून बाहेर आला. थोडं रक्त आलं. आमच्याकडे पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकतात. मी तो मुठीत धरून घरी चला म्हणाले. त्यांनी माझी मूठ उघडली, दात शर्टाच्या टोकानं पुसला, वरच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

"कौलावर नगं," ते म्हणाले. "मी न्हेतो संगं. तिकडं बर्फात पुरतो. नवा येईल त्यो बर्फावानी येतोय बघ."

एवढंच. पुढच्या वर्षी ते सैन्याच्या इस्पितळात कावीळ होऊन गेले. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक घरी आली. मोठी माणसं बाहेरच्या खोलीत बसलेली असताना मी तिच्यातल्या प्रत्येक शर्टाचे खिसे उलटे करून पाहिले. दात नव्हता. म्हणजे तो बर्फात होता. मला त्या वयात तेवढं पुरलं, आणि खरं सांगायचं तर नंतरही बरीच वर्षं पुरलं.

इंग्रजी शाळा ही त्यांचीच इच्छा होती. त्यांच्या यूनिटमधल्या साहेबांची मुलं इंग्रजी बोलायची, तशी आपली मुलगी बोलावी एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी आई मला घेऊन गावातून मलकापूरला राहायला आली. शाळेत वर्गात मराठी बोलायची बंदी होती. बाई वर्गाबाहेर पाऊल टाकलं की एकमेकींशी मराठीत बोलायच्या आणि आत आल्या की चेहरा बदलायच्या. तो चेहरा बघूनच आम्हाला कळायचं की आता इंग्रजी सुरू झालं.

एकदा निबंध आला, 'माय फादर'. बाईंनी तो फळ्यावर लिहून दिला. माझे वडील रोज सकाळी ऑफिसला जातात. संध्याकाळी येताना मला खाऊ आणतात. रविवारी मला बागेत नेतात. तेव्हा माझे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. मी निबंध जसाच्या तसा उतरवून घेतला. माझ्या बाकावरच्या मुलीनंही तोच उतरवला, तिच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि ते कुठल्याच ऑफिसला जात नव्हते. आम्हा दोघींना 'गुड' मिळालं. मला वाईट वाटलं नाही. मला वाटलं, इंग्रजीत वडील असेच असतात.

त्या शाळेतून मी बाहेर पडले तेव्हा मला इंग्रजी येत होतं, पण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला. आपण होऊन मी एक वाक्य बोलू शकत नव्हते. मराठीचंही फार बरं नव्हतं. गावी गेले की चुलतभाऊ म्हणायचे, "काय मॅडम, आमच्यासंगं बोलाय फी लागती का?" मी त्यांच्यासारखं 'लय', 'व्हय' म्हणून बघितलं तर ते अजूनच हसायचे. मग मी गप्प बसायची सवय लावून घेतली. गप्प बसलेल्या मुलीला लोक शांत म्हणतात, शहाणी म्हणतात. त्यात सोय होती.

सांगलीला कॉलेजच्या शेवटच्या वर्षात होते तेव्हा मुलाखतींचे दिवस आले. पुण्याहून कंपन्या येणार होत्या. माझे मार्क चांगले होते आणि तोंड उघडत नव्हतं. खोलीतल्या मैत्रिणीनं मला ओढत विश्रामबागेतल्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला नेलं. वर जिना, खाली झेरॉक्सचं दुकान, आत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पांढरा बोर्ड.

क्लासचे सर जतकडचे. स्वतः मराठी शाळेत शिकलेले, इंग्रजी पाठ करून करून त्यात शिरलेले. माणूस मनानं चांगला होता. कुणाची बस चुकली तर स्वतःच्या गाडीवर स्टँडवर सोडायचा. पहिल्या दिवशी माझी शाळा ऐकून ते खूश झाले.

"इंग्लिश मिडियम? मग हिथं कशाला आलाय बाळ?"

मी काही बोलले नाही.

"हां," ते म्हणाले, "कळलं."

एका आठवड्यात विषय होता बालपण आणि घरची पार्श्वभूमी. सरांचं म्हणणं, मुलाखतीत हाच प्रश्न आडवा येतो. टेल मी अबाउट युवरसेल्फ पाठ असतं सगळ्यांना, पण मुलाखत घेणाऱ्यांनी मध्येच विचारलं की लहानपणची एखादी आठवण सांगा, की पोरं गार पडतात. त्यांनी एकेकाला उभं केलं. एकाला आठवण म्हणजे वाढदिवस वाटला. एक मुलगी म्हणाली, मी लहानपणी खूप लहान होते. सगळे हसले, तीही हसली. मग सरांनी माझ्याकडे बोट केलं.

मी का सांगितली, हे मला अजून नीट कळत नाही. दुसरी आठवण तयार नव्हती, हे एक कारण. शिवाय समोरच्या कुणालाच ती कळणार नाही असं वाटलं. इंग्रजीत बोललेलं माझ्या घरापर्यंत पोचत नाही, असा माझा लहानपणापासूनचा समज होता. मी फळ्याच्या वरच्या पंख्याकडे बघत सावकाश बोलले. सायकल, बांध, ऊस, दात. खिशापाशी आले आणि थांबले, कारण खिसा डावा की उजवा ते एकदम आठवेना. त्याआधी कधी असा प्रश्नच पडला नव्हता. मराठीत मनातल्या मनात तो नुसता खिसा होता. मग काहीच न ठरवता मी पुढे गेले आणि बर्फापाशी संपवलं.

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं डोळे पुसले. सर खुर्चीवरून उठले.

"आयला," ते म्हणाले. "हे बेणं कुठं लपवून ठेवलं होतंस?"

मुलं हसली. आमच्या भागात बेणं म्हणजे काय ते सांगायला लागत नाही. उसाची लागण करताना कांड्या लावतात, ते बेणं. एखाद्याच्या रानात ऊस चांगला आला की पुढच्या साली सगळं शिवार त्याच्याच दारात येतं, आणि तो देतो. नाही म्हणायची रीत नाही. दोन-तीन वर्षांत सगळीकडे तोच ऊस उभा राहतो. कुणाला त्यात चोरी वाटत नाही, उलट ज्याचं बेणं त्याचा मान वाढतो.

"चांगलं बेणं असलं की सगळ्या शिवारात लावायचं," सर म्हणाले. "आपण हे मॉडेल आन्सर करू. बाळ, चालंल न्हवं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी चार लोकांत इंग्रजी बोलले होते आणि ते कुणाला तरी आवडलं होतं. मी मान हलवली.

मग सरांनी ती दुरुस्त करायला घेतली. बोर्डवर, माझ्यासमोर.

"दात नको," ते म्हणाले. "दात, रक्त, मुलाखतीत घाण वाटतं. दाताच्या जागी काहीतरी चांगलं पाहिजे. पेन! वडिलांनी खिशातून पेन काढून दिलं. म्हणाले, बेटी, खूप शिक, मोठी हो. शिक्षणाचं महत्त्वबी आलं त्यात."

"पण सर, त्यांनी पेन दिलं नव्हतं."

"अगं, दिलं असतं की! कुठला बाप देणार न्हाई?"

खरंच, दिलं असतं.

"आन् पुढं काय झालं त्यांना?"

"कावीळ झाली होती सर."

सरांनी बोर्डवरचा हात खाली घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "कावीळ न्हाई म्हणायचं. ऑन ड्यूटी म्हणायचं. खोटं न्हाई त्यात." आणि ते खरोखर खोटं नव्हतं. ड्यूटीवरच होते ते.

बोर्डवर आठवण तयार झाली. उसाचं रान, मावळता सूर्य, पेन, बेटी खूप शिक, ऑन ड्यूटी, आणि शेवटी, ते पेन आजही मला प्रेरणा देतं. सूर्य मावळत होता की नाही ते मला माहीत नव्हतं. सरांनी मला ती वाचायला लावली आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून क्लासच्या ग्रुपवर टाकली. "उच्चार हिचे ऐका," त्यांनी खाली लिहिलं. वाचताना खिशापाशी आल्यावर मी पुन्हा थांबले. तो खिसा अजून सापडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅचला ती पाठ होती. सरांनी एकेकाला उभं करून घेतलं. मी जिथं अडखळले होते, तीच जागा त्यांना सगळ्यात आवडली होती.

"हिथं थांबायचं," ते सांगायचे. "खिशापाशी. ऐका तिनं कसं घेतलंय. एक श्वास. मग पेन."

आणि सगळे थांबायचे. तासगावची मुलगी थांबायची, मिरजेचा मुलगा थांबायचा. डोळे थोडे वर, पंख्याकडे. मी बघितलं होतं तसे.

जतच्याच बाजूच्या एका मुलाची पंचाईत झाली. तो म्हणाला, "सर, पण माझा बाप जिता हाय."

"असू दे की. मुलाखतीपुरतं."

"तसं न्हाई सर, खाली रिक्षा लावून बसलाय. मला न्यायला आलाय."

क्लास हसून लोळायला लागला. कुणीतरी ओरडलं, "आरं, त्याला म्हाईत हाय का, तू त्याला बॉर्डरवर मारलास ते?" तो मुलगा खिडकीतून खाली बघून म्हणाला, "पप्पा, जरा थांबा, तुमचंच चाललंय," आणि परत हशा झाला. मीही हसले. हसणं येतच होतं. खाली रिक्षातला माणूस वर बघून काही न समजता हात हलवत होता. त्याच्या खाकी शर्टाला दोन खिसे होते आणि एका खिशात पेन होतं. घरी जाताना ते पेन माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

कंपनी आली त्या दिवशी कॉलेजच्या हॉलबाहेर आम्ही सगळे रांगेत बसलो होतो. क्लासची बरीच मुलं होती. मी मनात ठरवलं होतं की आज दात सांगायचा. कंपनी काही का म्हणेना, पेन नाही, ट्रंक उघडून बघितली तेही सांगायचं, आणि कावीळ. नोकरी मिळाली नाही तरी ती आठवण एकदा तरी जशी होती तशी माझ्या तोंडून बाहेर पडेल, आणि मग परत आत घेता येईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. सकाळपासून मी तीच घोकत होते. पण प्रत्येक वेळी वडिलांनी माझी मूठ उघडली की आत पेन असायचं.

माझा नंबर उशिरा आला. आत एक मॅडम आणि एक सर होते. त्यांनी शिक्षणाचं विचारलं, मी उत्तरं दिली. उत्तरं मला येतात. मग मॅडमनी समोरचा कागद उलटा ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, लहानपणची एखादी आठवण सांगाल का?

मी म्हटलं, माझे वडील सैन्यात होते. एकदा सुट्टी संपताना त्यांनी मला रानात नेलं.

मॅडमनी शेजारच्या सरांकडे बघितलं. ते हसू दाबत होते. वाईट अर्थानं नाही, दमलेला माणूस हसतो तसं.

"उसाच्या रानात?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"आणि त्यांनी पेन दिलं."

माझे डोळे वर, पंख्याकडे गेले.

"हे बघा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता आणि तेच जास्त लागलं. "आज सकाळपासून आम्ही हे पेन खूप वेळा ऐकलंय. तुमच्या भागातले सगळेच वडील उसाच्या रानात पेन देतात का? मला तुमचं स्वतःचं काहीतरी सांगा. अगदी छोटं चालेल. काय घडलं होतं खरं?"

आता सांगता आलं असतं. त्या थांबल्या होत्या, त्यांना ऐकायचंही होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून एवढंच आलं, "इट वॉज अ टूथ."

"सॉरी?" सर म्हणाले.

दात होता, हे वाक्य मी परत म्हणाले नाही. ती आठवण माझी आहे, हे मी कसं सांगणार होते? सगळ्यांनी तेच सांगितलं असतं. सगळ्यांचे डोळे पंख्याकडे गेले होते, सगळे खिशापाशी थांबले होते, आणि कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं थांबलं असेल. मी त्यांच्या मागून आले होते. रांगेत मागे असलेल्या माणसानं नक्कल केली असंच दिसतं.

"दुसरी एखादी?" मॅडमनी विचारलं.

"दुसरी नाही," मी म्हटलं. त्या खोलीत मी बोललेलं हे शेवटचं वाक्य होतं, आणि ते खरं होतं.

रिक्षावाल्याच्या मुलाला नोकरी लागली. तो लवकर आत गेला होता. त्यानं पेढे आणले तेव्हा मला पहिला पेढा दिला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांमुळं." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं.

मी मलकापूरला घरी गेले. आई दारात पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसून फोडायला लागले. मी सांगायच्या आधीच चेहऱ्यावरून तिला कळलं. बऱ्याच वेळानं मी म्हणाले, "आई, पप्पा शेवटचे सुट्टीवर आले होते तेव्हा त्यांचं पोस्टिंग कुठं होतं?"

"वाळवंटात."

"बर्फात होते ना?"

"बर्फात आदुगर. तिकडचं तर कवाच संपलं हुतं. त्या सुट्टीत ते राजस्थानातनं आलं हुतं. येताना मला तिकडची चादर आणली न्हाई का, ती लाल? तीच की, तुज्या अंगावर असती ती."

"तिथं बर्फ नसतो?"

"वाळवंटात कुठला गं बर्फ? इंग्लिश शाळंत शिकलीस न्हवं?"

ती हसली. मी शेंगा फोडत राहिले. मग मी विचारलं, "त्या साली आपल्या रानात ऊस होता?"

आईचे हात थांबले. तिनं आठवून बघितलं. "हळद हुती वाटतं त्या साली. का ऊस? न्हाई गं, आता ध्यानात येत न्हाई. दुसऱ्याच्या बांधाला बसला असाल." मग माझ्याकडे बघून ती एकदम म्हणाली, "तितंच दिलं हुतं न्हवं तुला पेन?"

मी हातातली शेंग न फोडताच परत ढिगात टाकली.

"मागल्या ऐतवारी तू घरी आली हुतीस तवा फोनवर ऐकत बसली हुतीस. तुजाच आवाज. मी शेजारच्या पोरीला म्हणलं, काय म्हणतीय गं ही? तिनं सगळं मराठीत सांगितलं." आईनं पदरानं नाक पुसलं. "मला एवढी वर्सं हेच वाटायचं बघ. जाताना माज्याशी बोलले, तुज्या आज्याशी बोलले, बैलाच्या पाठीवरनंबी हात फिरवला. पोरीशी काय बोललं का न्हाई? तू कवा बोलली न्हाईस. आता कळलं. खूप शिक म्हणाले. बेटी म्हणाले. लय ग्वाड वाटलं मला. मी औंधला यमाईला गेले तवा समद्या बायांना सांगितलं."

"बेटी म्हणाले?" मी विचारलं.

"मिलटरीतली माणसं बेटीच म्हणत्यात," आई समजावून सांगावं तसं म्हणाली. "कुठं हाय गं ते पेन? दाव की मला एकदा."

मी म्हटलं, सांगलीला आहे, खोलीवर.

"जपून ठेव," ती म्हणाली आणि परत शेंगा फोडायला लागली. तिचा चेहरा इतका मोकळा मी फार वर्षांत पाहिला नव्हता. तिला दात सांगायचा म्हणजे तिच्याकडून पेन काढून घ्यायचं. आणि त्याबदल्यात काय द्यायचं? वाळवंटातला बर्फ?

त्यानंतर मी पुष्कळ प्रयत्न केले. गावी गेल्यावर एकटी रानात जाऊन बांधावर बसून पाहिलं. कुठला बांध तेही नक्की नव्हतं. वडील बर्फ म्हणाले की वाळू म्हणाले? वाळूत पुरतो म्हणाले असतील आणि मी नंतर कधीतरी शाळेच्या पुस्तकात बर्फ बघून तो तिथं नेऊन ठेवला असेल. मग दात तरी माझा मी ठेवला नसेल कशावरून? ट्रंकेतले खिसे मी उलटे केले होते, ते मात्र पक्कं आहे. पण ते मी एकटी होते, त्यात वडील नाहीत. आधी ह्यातलं काहीच मी तपासलं नव्हतं. कधी बाहेर काढली नव्हती म्हणून ती आठवण धड होती. वडील असते तर एका शब्दात सांगितलं असतं. कदाचित त्यांनाही आठवलं नसतं.

नंतर कुठल्याच कंपनीत माझं जमलं नाही. सरांनीच बोलावून घेतलं. "तुझे उच्चार चांगले हाईत बाळ, बोलायची भीती काय, शिकवता शिकवता जाईल." आता मी त्याच क्लासमध्ये शिकवते, सांगलीतच राहते. भीती गेली, हे खरं आहे. जे बोलायचं ते बोर्डवर असतं. सरांनी पेनची गोष्ट एकदा बदलून पाहिली, पेनच्या जागी घड्याळ घातलं, पण पोरांच्या तोंडात ती बसेना. मग पुन्हा पेन आलं. नव्या बॅचला बालपणाचा धडा सुरू झाला की सर आधी ते जुनं रेकॉर्डिंग लावतात. आवाज माझाच आहे हे ते आता सांगत नाहीत, आणि मुलांच्याही लक्षात येत नाही.

परवा एका मुलीनं विचारलं. अंग चोरून बसणारी, कोरेगावकडची आहे. तास संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, त्या बाई खिशापाशी का थांबतात?"

सरांचं उत्तर मला पाठ आहे. तिथं थांबलं की वजन पडतं. ते मला तिला सांगवेना.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटलं, त्यांना काहीतरी आठवत नाहीये."

मी तिला म्हटलं, बस चुकेल, जा.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅचकडून एकत्र म्हणून घेतलं. सुरुवातीला आवाज खालीवर असतात, मग एक होतात. सायकल झाली, बांध झाला, ऊस झाला. मी हात वर केला आणि सगळे खिशापाशी थांबले. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. त्या एका श्वासात कुणीही काही बोलत नाही, म्हणून मी रोज त्यात आत जाऊन बघते. वडील बांधावर बसलेले असतात. तोंड दिसत नाही, शर्ट दिसतो. त्यांचा हात खिशाकडे जातो, बटण उघडतं, आणि आत पेन असतं.

मी हात खाली घेते. मुलं पुढे म्हणायला लागतात.